तंबू कुणाचा, हिरवळ कुणाची?

गेल्या अंकात मी टोरंटो विद्यापीठातल्या तंबूंवर जेमतेम दोन परिच्छेद लिहिले आणि पत्रांचा गठ्ठाच आला. कुणी शाबासकी दिली, कुणी "बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" असं खडसावलं. म्हणून नेहमीचे प्रश्न (भाडेकरार, वारसनोंद, हॉस्टेलचं अडकलेलं डिपॉझिट) या वेळी बाजूला ठेवून एकाच विषयाची पत्रं घेतली आहेत.

ज्यांच्या हाती गेला अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं. २०२४ च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे टोरंटोशेजारच्या मिसिसागाला होते. गाझातल्या युद्धाविरुद्ध अमेरिका-कॅनडातले विद्यार्थी विद्यापीठांच्या हिरवळींवर तंबू ठोकून राहत होते. मागणी बहुतेक ठिकाणी एकच: विद्यापीठाचा पैसा कुठे गुंतवलाय ते जाहीर करा आणि इस्रायलच्या लष्कराशी संबंध असलेल्या कंपन्यांतून तो काढून घ्या. (आपल्याला नवल वाटेल, पण तिथल्या बड्या विद्यापीठांकडे बाजारात गुंतवलेला अफाट निधी असतो. एकट्या हार्वर्डचा सुमारे ५,००० कोटी डॉलर.) टोरंटोत २ मेपासून किंग्ज कॉलेज सर्कलच्या गोल हिरवळीवर छावणी पडली होती. मी सबवेने क्वीन्स पार्क स्टेशनला उतरून बघायला गेले. कुंपणाच्या दाराशी मास्क लावलेल्या एका मुलीने अदबीने अडवलं. कोण, कुठून आलात, आतले नियम मान्य आहेत का? मी साडीवर स्वेटर, हातात छत्री, अशा अवतारात उभी. गंमत वाटली आणि थोडं खटकलंही. त्या खटकण्याबद्दल चौथ्या पत्राच्या उत्तरात लिहिलं आहे.

प्रश्न: मॅडम, आईबाप घर गहाण टाकून पोरांना परदेशी पाठवतात आणि ही पोरं हिरवळीवर तंबू ठोकून बसतात. पहिल्याच दिवशी पोलीस बोलावून उचललं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. तुम्ही एवढं समजून का घेता?
– निवृत्त अभियंता, सांगली

साहेब, तुमचा उपाय करून झालाय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १७ एप्रिल २०२४ च्या पहाटे तंबू लागले. त्याच दिवशी अध्यक्ष मिनूश शफीक वॉशिंग्टनला संसदीय समितीपुढे साक्ष देत होत्या आणि 'तुम्ही फार मवाळ आहात' हे ऐकून घेत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस बोलावले, शंभरावर विद्यार्थी उचलले. मग काय झालं? शेजारची हिरवळ भरली. पुढच्या दोन आठवड्यांत देशभर ठिकठिकाणी तंबू लागले. ३० एप्रिलच्या पहाटे कोलंबियातल्याच काही जणांनी हॅमिल्टन हॉल ही इमारत ताब्यात घेतली, रात्री पोलीस पुन्हा आत शिरले, आणि मुख्य पदवीदान समारंभ रद्द झाला. त्या वर्षी पदवी घेणाऱ्या बऱ्याच मुलांचा २०२० मधला शाळेचा निरोप समारंभ कोरोनाने खाल्ला होता. त्यांच्या नशिबी दोन्ही वेळा टोपी उडवणं नव्हतं. ऑगस्टमध्ये शफीकबाईंनी राजीनामा दिला.

याच विद्यापीठात, याच हॅमिल्टन हॉलमधून, १९६८ साली ३० एप्रिललाच पोलिसांनी विद्यार्थ्यांना बाहेर काढलं होतं. तेव्हा सुमारे सातशे अटका झाल्या. त्या जखमेतून विद्यापीठाने प्राध्यापक-विद्यार्थ्यांची सिनेट उभी केली, आणि पुढे नियम केला की आंदोलन मोडायला पोलीस बोलावण्याआधी सिनेटच्या कार्यकारी समितीशी सल्लामसलत करायची. २०२४ मध्ये ती समिती 'नको' म्हणाली, तरी पोलीस आले. पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बांधलेला बांध ऐन पावसात स्वतःच फोडला, असं मी म्हणेन.

टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिनमध्ये २४ एप्रिलला राज्य पोलीस घोड्यांसकट आणले, ५७ जण पकडले. सरकारी वकिलांनी सगळे गुन्हे मागे घेतले, कारण अटकेला पुरेसा आधारच नव्हता.

पण तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. तंबू म्हणजे भाषण नव्हे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्येच हे सांगून ठेवलंय, आणि तो खटला माझा फार आवडता आहे. वर्गात शिकवताना हमखास हशा पिकायचा. बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला व्हाइट हाऊससमोरच्या लाफायेत पार्कात आणि जवळच्या 'नॅशनल मॉल' या मोकळ्या मैदानावर निदर्शनं करायची होती. उद्यान खात्याने साठ तंबू उभारायला परवानगी दिली, एकीकडे वीस, दुसरीकडे चाळीस. अट एवढीच की त्यात झोपायचं नाही! बेघरांचं आंदोलन, थंडीचे दिवस, तंबू तयार, आणि झोपायला बंदी. संस्था म्हणाली, आमचं झोपणं हेच आमचं म्हणणं आहे. सात विरुद्ध दोन मतांनी न्यायालयाने बंदी योग्य ठरवली. काय बोलता यावर सरकारला बंधन घालता येणार नाही, पण कधी, कुठे आणि कशा रीतीने बोलता यावर घालता येईल, फक्त ते सगळ्यांना सारखं हवं. तेव्हा रात्रीच्या मुक्कामाला मनाई करणारा नियम करणं हे काही पाप नाही.

पाप कशात आहे ते इंडियाना विद्यापीठाकडून शिकावं. ब्लूमिंग्टनला डन मेडो नावाचं कुरण आहे. १९६९ पासून ते सभा-निदर्शनांसाठी राखलेलं, पूर्वीही तिथे आंदोलकांच्या झोपड्या-तंबू उभे राहिलेले. २५ एप्रिल २०२४ ला मुलं तंबू लावणार अशी कुणकुण लागल्यावर आदल्या दिवशी एक तात्पुरती समिती बसली आणि परवानगीशिवाय काहीही उभारायचं नाही असा नियम करून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी त्याच नियमावर बोट ठेवून राज्य पोलिसांनी तिसाहून जास्त जणांना धरलं. नियमातला मजकूर वाईट नव्हता हो. त्याची तारीख वाईट होती.

प्रश्न: बाई, मी पुण्यात एम.ए.ला आहे. मला वाटतं, विद्यापीठाच्या आवारात पोलीस येणं हेच मुळात चूक. संवाद हाच एकमेव मार्ग. तुम्हीही हेच म्हणाल ना?
– एक विद्यार्थिनी, पुणे

नाही गं, पूर्ण नाही म्हणणार.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातली ३० एप्रिलची रात्र आठव. छावणीच्या विरोधातला जमाव काठ्या, फटाके, तिखटाचे फवारे घेऊन आला आणि तासन् तास छावणीवर तुटून पडला. सुरक्षा रक्षक आणि पोलीस लांबच राहिले. त्या रात्री तंबूतल्या पोरांना पोलीस हवे होते आणि मिळाले नाहीत. दुसऱ्या दिवशी रात्री पोलीस आले ते त्याच पोरांना उचलायला. २ मेच्या पहाटे दोनशेवर अटका झाल्या. ज्यांचं रक्षण करायचं त्यांना एक दिवस उशिरा बेड्या. त्यामुळे 'पोलीस कधीच नकोत' म्हणण्यापेक्षा 'पोलीस माणसाच्या अंगाला धोका असेल तर, आणि मग ताबडतोब' असं म्हण. हिरवळीवरचं गवत करपतंय म्हणून पोलीस बोलवू नयेत. गवत परत उगवतं.

संवादाचं म्हणशील तर त्याची दोन उदाहरणं देते, एक गोड, एक कडू.

ब्राउन विद्यापीठाने ३० एप्रिललाच विद्यार्थ्यांशी करार केला. तुम्ही तंबू काढा, आम्ही गुंतवणूक काढण्याच्या मागणीवर ऑक्टोबरमध्ये नियामक मंडळात मतदान घेऊ. तंबू निघाले. ऑक्टोबरमध्ये मतदान खरोखर झालं आणि मंडळाने मागणी फेटाळली. मुलं चिडली, फसवलं म्हणाली. मला ते फसवणं वाटत नाही. मतदानाचं वचन होतं, ते पाळलं. हरल्यावरही वचन पाळल्याची पावती द्यायला शिकावं लागतं. (हे मी तुला सांगतेय, पण तुझ्या वयात मलाही कुणी सांगितलेलं पटलं नसतं.) आणखी एक नमुना डब्लिनचा. ट्रिनिटी कॉलेजात 'बुक ऑफ केल्स' ही बाराशे वर्षांपूर्वीची हस्तलिखित पोथी बघायला पर्यटकांची रीघ लागते. विद्यार्थ्यांनी ती वाटच अडवली. कॉलेजने आधीच्या आंदोलनांत बुडालेल्या उत्पन्नापोटी विद्यार्थी संघटनेवर दोन लाख चौदा हजार युरोंचा दंड लावलेला होता. इतका दंड लावूनही पोरं बधली नाहीत, तंबू ठोकले, आणि पाच दिवसांत समझोता झाला. पॅलेस्टिनी प्रदेशातल्या वसाहतींशी संबंधित इस्रायली कंपन्यांतली गुंतवणूक कॉलेजने काढायची ठरवली. म्हणजे दंडाने न झालेलं काम चहाच्या टेबलावर झालं.

कडू उदाहरण नॉर्थवेस्टर्नचं. २९ एप्रिलला तिथे करार झाला, डीअरिंग मेडोवर एक मदत-तंबू सोडून बाकी सगळे हटले, निदर्शनं चालू राहिली. शहाणपणाचं काम. त्याबद्दल अध्यक्षांना २३ मे रोजी संसदीय समितीने आरोपीसारखं उभं केलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये याच विद्यापीठाने केंद्र सरकारला साडेसात कोटी डॉलर द्यायचं कबूल करून तो करारही रद्द केला. संवाद करणाऱ्या कुलगुरूच्या पाठीशी त्याचं मंडळ आणि त्याचं सरकार नसेल तर तो किती दिवस टिकणार? तू पुढे कधी एखाद्या विद्यापीठाच्या समितीवर गेलीस तर हे लक्षात ठेव.

प्रश्न: ताई, माझा मुलगा अमेरिकेत एम.एस. करतोय. स्वभावाने बोलका आहे. निदर्शनांना जातो असं त्याच्या मित्राकडून कळलं. व्हिसावर परिणाम होईल का? काही झालं तर विद्यापीठ आम्हाला कळवेल ना? रात्र रात्र झोप येत नाही.
– एक आई, डोंबिवली

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही कळवणार. सज्ञान विद्यार्थ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय आईवडिलांना देण्याला तिथल्या कायद्याने फार मर्यादा आहेत. फी तुम्ही भरत असलात तरी. त्यामुळे मित्राकडून नव्हे, त्याच्याकडूनच कळेल असं नातं ठेवा. 'तू जायचंच नाहीस' म्हणालात तर तो जाईल आणि तुम्हाला सांगणार नाही.

आता व्हिसा. मी इमिग्रेशनची वकील नाही, हे आधीच सांगते. पण एक गोष्ट प्रत्येक परदेशी विद्यार्थ्याने समजून घ्यावी. एकाच गुन्ह्याला एकच शिक्षा झाली तरी ती दोघांना सारखी लागत नाही. अमेरिकन मुलाला विद्यापीठाने निलंबित केलं तर त्याचं सत्र बुडतं. तुमच्या मुलाला निलंबित केलं तर त्याचा पूर्णवेळ विद्यार्थी हा दर्जाच जातो, सरकारी संगणकातली त्याची नोंद बंद होते आणि देश सोडावा लागतो. कॉर्नेलमध्ये एका ब्रिटिश पीएचडी विद्यार्थ्यावर २०२४ मध्ये ही वेळ येऊन ठेपली होती. विद्यापीठांकडे ताकीद आहे, देखरेखीखाली ठेवणं आहे, लेखी समज आहे. थेट निलंबनाचा हातोडा उचलणाऱ्या अधिकाऱ्याने टेबलापलीकडच्या मुलाचा पासपोर्ट कोणत्या रंगाचा आहे ते एकदा बघावं. त्याला सवलत द्यावी म्हणून नाही, शिक्षेचं खरं वजन कळावं म्हणून.

हे झालं २०२४ पर्यंतचं. २०२५ मध्ये सरकार स्वतःच मैदानात उतरलं. टफ्ट्स विद्यापीठातली एक तुर्की संशोधक विद्यार्थिनी, रुमेसा ओझतुर्क. तिने तंबू ठोकला नव्हता. वर्षभरापूर्वी तिघांबरोबर विद्यापीठाच्या दैनिकात एक लेख लिहिला होता. २५ मार्च २०२५ ला साध्या वेशातल्या माणसांनी तिला रस्त्यात धरलं आणि लुइझियानातल्या कोठडीत नेलं. सहा आठवड्यांनी न्यायालयाने सोडलं. कोलंबियात नगररचनेत पीएचडी करणारी एक भारतीय मुलगी व्हिसा रद्द झाल्याचं कळल्यावर त्याच मार्चमध्ये सामान बांधून निघून गेली. तिच्या सांगण्याप्रमाणे हॅमिल्टन हॉलच्या रात्री ती घरी परतताना गर्दीत सापडली होती, आणि तेव्हा मिळालेले समन्स पुढे रद्दही झाले होते. एप्रिलमध्ये तर सरकारने शेकडो विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी पटापट बंद केल्या, बऱ्याच जणांच्या बाबतीत जुन्या किरकोळ वाहतूक प्रकरणांवरून. मुलं कोर्टात गेली, महिनाअखेरीस सरकारला नोंदी पुन्हा चालू कराव्या लागल्या.

हे सगळं घाबरवायला सांगत नाही. उलट पाहा, जे कोर्टात गेले त्यांतल्या बहुतेकांना काही ना काही दिलासा मिळाला. पण कोर्टात जाईपर्यंतचे दिवस कोठडीत किंवा परत येणाऱ्या विमानात जातात, आणि ती किंमत फक्त परदेशी मुलं मोजतात.

मुलाशी बोलताना साध्या गोष्टी सांगा. सभा ऐक, बोल, लिहायचं तर नावानिशी आणि विचार करून लिही. रात्री छावणीत मुक्काम नको. 'जागा सोडा' असा हुकूम कानावर पडला की वाद न घालता बाजूला हो, वाद दुसऱ्या दिवशी अर्जाने घालता येतो. इमारतीत शिरणाऱ्यांच्या मागे तर पाऊलही टाकू नको. परदेशी विद्यार्थी कार्यालयाचा आणि एका वकिलाचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेव, कारण फोन पहिल्यांदा काढून घेतात. वकिलाशी बोलल्याशिवाय कशावर सही नको. आणि धाकट्या भावंडांसाठी: जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाला अर्ज करणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी खुली ठेवायला सांगतात. मी याला अभिव्यक्ती स्वातंत्र्य म्हणणार नाही. पण तिकीट काढण्याआधी माहिती असलेलं बरं.

झोपायचा प्रयत्न करा.

प्रश्न: बाई, घोषणांचं काय? एकाला जी स्वातंत्र्याची घोषणा वाटते ती दुसऱ्याला आपल्या नाशाची वाटते. ज्यू विद्यार्थ्यांना भीती वाटत होती, ती खोटी होती का? ही रेषा कुणी ओढायची?
– शिक्षक, कोल्हापूर

सर, भीती खोटी नव्हती. सगळीकडे सारखी नव्हती एवढंच.

घोषणेचा अर्थ ठरवायला विद्यापीठाने बसू नये, या मताला मी बऱ्याच वर्षांनी आले. शिकागो विद्यापीठात १९६७ साली हॅरी कॅल्व्हन या कायद्याच्या प्राध्यापकाच्या समितीने सांगून ठेवलं की विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, ते स्वतः टीकाकार नाही. म्हणजे प्राध्यापकांनी भांडावं, विद्यार्थ्यांनी भांडावं, संस्थेने गप्प बसून भांडणाला छप्पर द्यावं. गंमत म्हणजे २०२४ मध्ये त्याच शिकागोतही तंबू लागले, बोलणी फिसकटली आणि ७ मेला विद्यापीठाच्याच पोलिसांनी तंबू काढले. तत्त्व चांगलं असलं म्हणून सकाळी कुणाला तंबू उपटावे लागत नाहीत असं नाही.

पण विशिष्ट माणसाला गाठून धमकावणं, वाट अडवणं, वर्गात जाऊ न देणं यांना मी घोषणा म्हणत नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली, वंश किंवा मूळ देशावरून कुणाचा छळ होत असताना विद्यापीठ स्वस्थ बसलं, तर त्याचा सरकारी निधी धोक्यात येतो. यूसीएलएत काही ज्यू विद्यार्थ्यांनी तक्रार केली की छावणीमुळे आवाराच्या भागांत आम्हाला जाता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी विद्यापीठाला बजावलं की असं वगळणं चालू देता येणार नाही.

आता माझं टोरंटोतलं खटकणं. विद्यापीठ कोर्टात गेलं. २ जुलै २०२४ ला न्यायमूर्ती मार्कस कोएनन यांनी निकाल दिला. मिसिसागाच्या घरात, नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर मी तो दोन दिवस वाचला. न्यायाधीशांनी विद्यापीठाचे बरेचसे आरोप बाजूला सारले. छावणीच्या ज्या प्रतिनिधींवर दावा होता ते हिंसक किंवा ज्यूद्वेष्टे असल्याचं त्यांना दिसलं नाही, आणि घोषणांना एकापेक्षा जास्त अर्थ असू शकतात हेही त्यांनी मान्य केलं. तरीही निकाल विद्यापीठाच्या बाजूने गेला. कारण? दारावरची ती मुलगी.

म्हणजे ती एकटी नव्हे, दार राखणारी सगळीच व्यवस्था. पन्नासेक दिवस एका गटाने सर्वांची हिरवळ धरली आणि आत कोण येणार ते तोच ठरवत राहिला. न्यायाधीशांचा युक्तिवाद असा की आज हा गट धरतो, उद्या त्यांच्याहून दांडगा गट येऊन त्यांना हुसकेल, मग कोण कुणाला थांबवणार? आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. एका प्रवासापुरतं चालतं. रुमाल दोन महिने तिथेच ठेवून मागाहून येणाऱ्याला 'आधी आमच्याशी सहमत आहात का?' विचारायला लागलो, की ती सीट उरत नाही.

आणि आदेश काय? तंबू हलवा. पण निदर्शनं बंद करा असं नाही. सकाळी सात ते रात्री अकरा आवारात आंदोलन करायला मोकळीक ठेवली. ३ जुलैला संध्याकाळी सहाची मुदत होती. पोरं त्याआधीच स्वतः आवरून निघाली, एकही लाठी उगारावी लागली नाही. दोन महिने लागले, वकिलांवर पैसा गेला, जूनमधले पदवीदान समारंभ शेजारच्याच सभागृहात पार पडले. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणांत हे सगळ्यात कमी वाईट झालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये शाहीन बागेच्या निकालात जे म्हटलं, की निषेधाचा हक्क आहे पण सार्वजनिक वाट बेमुदत अडवून नाही, त्याचंच हे दूरचं भावंड. फक्त आपल्याकडे 'मग कुठे आणि किती वाजेपर्यंत' हे सांगायला आपण विसरतो.

प्रश्न: महोदया, आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी आंदोलनाबाबत नियमावली करण्यासाठी समिती नेमली आहे. जेएनयूची नियमावली नमुना म्हणून घ्यावी असा एक विचार आहे. आपला सल्ला आणि जमल्यास मसुदा हवा.
– समितीचे एक सदस्य, सातारा जिल्हा

सर, जेएनयूच्या नियमावलीत शैक्षणिक इमारतींपासून शंभर मीटरच्या आत धरणं धरलं तर वीस हजार रुपयांपर्यंत दंड आहे. मुळात २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शंभर मीटरचं अंतर प्रशासकीय इमारतीपुरतं सांगितलं होतं, २०२३ मध्ये विद्यापीठाने ते वर्गांच्या इमारतींपर्यंत वाढवलं. जेएनयूचं आवार हजार एकरांचं. तालुक्याच्या कॉलेजात इमारतीपासून शंभर मीटर मोजलेत तर तुम्ही फाटकाबाहेर, राज्यमार्गावर, उसाच्या ट्रॉलीसमोर उभे असाल. आणि वीस हजार म्हणजे तुमच्याकडच्या बी.ए.च्या किती वर्षांची फी, ते तुम्हीच सांगा.

मसुदा देणार नाही. त्याऐवजी माझी एक चूक सांगते, ती तुमच्या समितीला जास्त उपयोगी पडेल.

नव्वदच्या दशकात मी एका गावच्या कॉलेजात कायदा शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते. संध्याकाळी सातला फाटक बंद व्हायचं. लायब्ररी आठपर्यंत उघडी, पण मुलींना ती सातनंतर नाही. एका रात्री बावीस मुली गाद्या घेऊन ऑफिससमोरच्या व्हरांड्यात येऊन झोपल्या. घोषणा नाहीत, काही नाही. प्रिन्सिपॉलसाहेबांचा निरोप आला, 'नियमाप्रमाणे कारवाई करा.' मी नियमावली उलटीसुलटी केली. व्हरांड्यात झोपू नये असा नियमच नव्हता. मग रात्री अकराला मी टाइपरायटरवर तो नियम टाइप केला, वर मागच्या सोमवारची तारीख घातली आणि नोटीस बोर्डावर टाचला. सकाळी प्रत्येकीला पन्नास रुपये दंड.

एक एस.वाय.ची मुलगी बोर्डासमोर बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, बाकीच्या सगळ्या कागदांच्या टाचण्या गंजल्यात. याचीच कशी नवी?"

मी तिला ऑफिसात बोलावून झापलं. दंड वसूल झाला. फाटकाची वेळ दोन वर्षांनी आठ झाली, ती माझ्यानंतर आलेल्या रेक्टरने केली. इंडियानाची बातमी वाचली तेव्हा मला आधी ती टाचणी आठवली.

तेव्हा सर, समितीत पहिलं काम हे करा की आज, कुणी कुठेही बसलेलं नसताना, लिहून काढा. जागा ठरवा, आणि ती प्राचार्यांना खिडकीतून दिसेल अशी असू द्या. कॅन्टीनच्या मागे कचरापेटीशी नेऊन बसवलेलं आंदोलन हे आंदोलन नसतं. वेळ ठरवा. लाऊडस्पीकर परीक्षेच्या दिवसांत नको, म्हणजे कुणालाच नको, गणेशोत्सवाच्या मंडपालाही आणि माजी आमदारांच्या वाढदिवसालाही. हे वाक्य लिहिताना समितीत शांतता पसरेल. पसरू द्या. त्या शांततेत कळेल की तुम्ही नियम करताय की एका गटाचा बंदोबस्त. परवानगी हवी असेल तर अर्जाला किती तासांत उत्तर मिळेल तेही लिहा, आणि उत्तर नाही आलं तर परवानगी आहे असं समजायचं, हेही. शिक्षा पायरीपायरीने ठेवा. शिक्षा देणारा माणूस तोच नको ज्याच्या दारात मुलं बसली होती. मी त्या सकाळी न्यायाधीश व्हायला नको होतं, फिर्यादीही मीच होते.

पोलिसांना फोन कोण करणार, एकट्याने की दोघांनी मिळून, आणि कोणत्या कारणासाठी, हे नावानिशी नाही पण पदानिशी लिहा. रात्री अकरा वाजता माणसाला कायदा आठवत नाही, नोकरी आठवते.

विद्यार्थी प्रतिनिधी समितीत आहेत का, हे तुमच्या पत्रात नाही. नसतील तर घ्या, किमान दोन, त्यातली एक मुलगी आणि जमल्यास वसतिगृहातली. आणि मुलं रात्रभर बसली तर संडासाच्या किल्ल्या कुणाकडे, पाण्याची टाकी कोण भरणार, हे लिहायला लाजू नका. माझ्या बावीस मुलींसाठी त्या रात्री खालचा संडास बंद होता, कारण किल्ली शिपायाच्या घरी होती. हे मला सकाळी कळलं, आणि तेव्हाही मी दंडाच्या पावत्या फाडत होते.

मसुदा झाला की पाठवा, तारीख ज्या दिवशी लिहिला त्याच दिवसाची घालून. लाल शाईने वाचून परत करीन. टपालखर्च मासिक देतं.